सहकुटुंब, सहपरिवार

आपल्याकडे अनोळखी माणसाचं नुसतं नाव कळून कुणाचं समाधान होत नाही. नाव झालं की आडनाव, आडनाव झालं की मूळ गाव, आणि गाव कळलं की "म्हणजे ते तलाठी होते, त्या कुलकर्ण्यांपैकी का?" तिथंही धागा जुळला नाही, तर आजोळ काढायचं. भाडेकरू ठेवायचा तर त्याच्या साहेबाला फोन. स्थळ आलं तर मुलाच्या मामाच्या कर्जाचीसुद्धा चौकशी. इतका चौकस समाज पोटात जाणाऱ्या गोळीला मात्र फक्त रंग विचारतो.

"ती पिवळी आहे का गं घरात?"

"पिवळी संपली. गुलाबी आहे."

"सर्दीचीच ना? मग दे."

झाली चौकशी. गुलाबी कुणापैकी, तिच्याबरोबर आणखी कोण आलंय, आपल्या घरातल्या मंडळींशी तिचं पटतं का, काही नाही. पाण्याच्या घोटाबरोबर थेट गृहप्रवेश.

खरं तर चौकशीची सगळ्यात जास्त गरज सर्दीच्याच गोळीला आहे, कारण ही गोळी कधी एकटी येत नाही. लग्नपत्रिकेवर लिहितात तशी ती सहकुटुंब, सहपरिवार येते. आपण बोलावलेलं असतं एकाला, चोंदलेलं नाक मोकळं करायला. दारात उभी राहतात तीन-चार माणसं. बाटलीतलं औषध असेल तर आणखी एखादं माणूस पाठीमागून चप्पल काढत असतं. त्यातलं कोण कशासाठी आलंय हे यजमानाला माहीत नसतं, आणि जेवायला मात्र सगळे बसतात.

ओळख करून घेऊ.

पहिले पॅरासिटामॉल आजोबा. ताप उतरवायचा, अंगदुखी कमी करायची, एवढं त्यांचं काम. शांत माणूस, कुणाच्या अध्यात नाही. सगळ्या घराण्यांत त्यांचं नातं आहे, आणि घोटाळा होतो तो तिथंच. पण त्यांच्याकडे नंतर येऊ.

दुसऱ्या क्लोरफेनिरामाइन मावशी. वाहणारं नाक आणि शिंका थांबवणं हा त्यांचा प्रांत. कामाला चोख, पण ज्या घरात जातील तिथं सगळ्यांना झोपवतात. डोळे जड, तोंड कोरडं, आणि पुढे बोलायचं काय होतं ते आठवत नाही. रात्री घेतलेल्या गोळीची सुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळीही अंगात असते. मावशींचा पाय लवकर निघत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या काकांची लघवी या मावशी अडवू शकतात, आणि विशिष्ट प्रकारचा काचबिंदू असलेल्याच्या डोळ्यातला दाब वाढवू शकतात. काकांना वाटतं सर्दीचा आणि त्या गोष्टीचा काय संबंध, आणि संकोचामुळे ते डॉक्टरांनाही सांगत नाहीत.

तिसरे फेनिलएफ्रिन काका. नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवून नाक मोकळं करतात, असा त्यांचा लौकिक. फवारा म्हणून थेट नाकात गेले तर करतातही. पण पोटातून गेले की त्यांचा बराचसा भाग आतड्यात आणि यकृतातच खर्ची पडतो आणि नाकापर्यंत पोचतं ते नावापुरतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नेमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने सांगितलं की तोंडावाटे घेतलेल्या फेनिलएफ्रिनचा चोंदलेल्या नाकाला उपयोग दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनाने ते चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांतून वगळण्याचा प्रस्तावही मांडला. आपल्याकडे काका अजून पहिल्या पंगतीला आहेत. बरं, उपयोग नसला तरी उपद्रवाची शक्यता उरतेच. रक्तदाब आधीच चढा असलेल्याने, किंवा हृदयाचं दुखणं असलेल्याने, या काकांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात घेऊ नये.

आणि काही गोळ्यांत चौथं कॅफीन असतं. मावशींनी झोपवलेल्या माणसाला उठवायला ते आणलेलं. म्हणजे एकीने अंथरूण घालायचं आणि दुसऱ्याने चहाचा कप घेऊन डोक्याशी उभं राहायचं. रुग्णाने मधल्या मध्ये "मला नेमकं काय होतंय?" असं विचारत पडून राहायचं.

बाटलीतलं घराणं याहून मोठं. तिथं डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं. कोरड्या खोकल्याची उबळ ते मेंदूकडूनच दाबतं. ग्वायफेनेसिन असतं, ते कफ पातळ करून सुटायला मदत करतं. ॲम्ब्रॉक्सॉल किंवा ब्रोमहेक्सिन असतं. या दोघांचं आजोळ तर आपल्या परसातलं: अडुळशाच्या पानातल्या वासिसिन नावाच्या द्रव्यावरून ब्रोमहेक्सिन घडवलं, आणि ॲम्ब्रॉक्सॉल हे ब्रोमहेक्सिनच्याच पोटचं. आजीने काढ्याच्या भांड्यातून घातलेला अडुळसा नातवाने केमिस्टकडून पैसे मोजून आणला, एवढाच फरक. शिवाय टर्ब्युटालिन किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल असू शकतं. त्याने श्वासनलिका मोकळ्या होतात, पण छातीत धडधडतं आणि हातही बारीक थरथरतात. दम्याचा पत्ता नसलेल्या साध्या पडशाच्या माणसाला ही थरथर फुकटात मिळते.

आता गंमत अशी, की काही बाटल्यांत खोकला दाबणारा आणि कफ बाहेर काढणारा हे दोघं शेजारी शेजारी बसलेले असतात. एक सांगतो, "खोक, बाहेर काढ." दुसरा दटावतो, "तोंड उघडायचं नाही." कुणाचं ऐकायचं हे छातीला कळत नाही, आणि ती जुन्या सवयीने खोकत राहते.

या घराण्यांची चौकशी सरकारने केली नाही असं नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने एकदम ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत खोकल्याची भरपूर होती. कंपन्या न्यायालयात गेल्या, बंदी उठली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पुन्हा तपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. जून २०२३ मध्ये आणखी १४ गेली. त्यांत कोडीन आणि क्लोरफेनिरामाइन यांचं खोकल्याचं औषधही होतं. कोडीन हे अफूच्या गोतावळ्यातलं. खोकल्याला अफूकडचे पाहुणे बोलावण्याची हौस मात्र जुनी आहे. जर्मनीच्या बायर कंपनीने १८९८ मध्ये खोकल्यावरचं नवं औषध म्हणून बाजारात आणलं होतं ते हेरॉइन. खोकला थांबत असणार यात शंका नाही. खोकला ही त्यानंतर त्या माणसाची मुख्य अडचणच उरली नसेल.

बंदीच्या बातम्या आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो, "काय खायला घालतात लोकांना!" म्हणतो आणि उठून श्रीखंडाचा डबा काढतो. मराठी घरातली औषधं बहुधा अर्ध्या किलोच्या रिकाम्या श्रीखंडाच्या डब्यात राहतात. झाकणावर अजून केशर-वेलची लिहिलेलं असतं. आत सेल संपलेला थर्मामीटर, झाकण हरवलेला बाम, कुणाच्या तरी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकमधल्या उरलेल्या दोन गोळ्या, कारण तिसऱ्या दिवशी बरं वाटलं होतं. अँटिबायोटिकचा विषाणूंमुळे होणाऱ्या साध्या सर्दीवर काही परिणाम होत नाही, पण डबा ते मान्य करत नाही. आणि तळाशी सर्दीच्या गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्या.

या कापलेल्या पट्टीकडे जरा निरखून बघा. आपण काउंटरवर म्हणतो, "चारच द्या, अख्खी नको." दुकानदार कात्री उचलतो, कचकच दोनदा चालवतो आणि पट्टीचे असे तुकडे करतो की गोळ्या आपल्याकडे येतात आणि मुदतीची तारीख त्याच्याकडे राहते. आपल्या तुकड्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं, एक टक्केवारीसारखं काही तरी, आणि कडेला एक उभी तांबडी रेघ. ही रेघ शोभेची नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध द्यायचं नाही, असा तिचा अर्थ. पण ती बोटभर लांब आणि पट्टी चंदेरी, त्यामुळे बऱ्याच जणांना ती कंपनीची डिझाइन वाटते. तेव्हा मुदत, घटक आणि रेघ हे सगळं असलेला तुकडा मागून घ्यावा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्यावं. भाजीवाल्याकडून कढीपत्ता मागून घेताना आपण कुठे लाजतो?

चिठ्ठी असली तरी प्रश्न संपत नाही, कारण चिठ्ठी वाचायची असते. अक्षराचा विषय मी काढत नाही. पण जे वाचता येतं त्यानेही घात होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या शेजारच्या नानांना चिठ्ठीवर ‘टीडीएस’ दिसलं. "इथेही कापतात?" म्हणून ते घाबरले. टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा. पुढच्या ओळीत ‘बीडी’ होतं. "खोकल्याला बीडी? पूर्वी सोडा म्हणत होते!" बीडी म्हणजे दिवसातून दोनदा. ‘एचएस’ म्हणजे झोपताना आणि ‘एसओएस’ म्हणजे गरज लागली तरच. या शेवटच्या अक्षरांचा अर्थ आपल्याकडे "घरात आहे तोवर" असा घेतला जातो. कळलं नाही तर डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारावं. बाहेर येऊन केमिस्टच्या हाताखालच्या पोऱ्याला विचारू नये. तो हुशार असतो, आत्मविश्वासू तर फारच असतो, पण शिकाऊ असतो.

डॉक्टर आपल्याला विचारतात तो प्रश्न मात्र आपण वाया घालवतो. आत्याबरोबर मी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

"छे! मला औषधं मुळीच आवडत नाहीत."

"बीपीची?"

"ती आहे की. सकाळी एक."

"म्हणजे चालू आहे."

"अहो, ती औषध थोडीच आहे? ती रोजचीच."

मग रोजच्याच अशा आणखी निघाल्या: साखरेच्या दोन, थायरॉइडची एक, रक्त पातळ राहायची एक, आणि भिशीतल्या मैत्रिणीने दिलेली गुडघ्याची. आत्याच्या हिशेबी जी गोळी वर्षानुवर्षं घेतली ती घरातली होते, आणि घरातल्या माणसाची कुणी नोंद करत नाही. पण सर्दीच्या गोळीतल्या काकांचं बीपीच्या गोळीशी वाकडं असू शकतं, आणि साखरेच्या माणसाला खोकल्याच्या बाटलीतला पाक मोजावा लागतो. काही माणसं एक गोळी सोबतच्या नातेवाइकापासूनही लपवतात, ती म्हणजे मनाच्या आजारावरची. नैराश्यावरच्या काही औषधांबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन पोटात गेलं तर घाम, थरथर, गोंधळ, धडधड असा गंभीर प्रकार होऊ शकतो. नातेवाइकांना बाहेर बसवा हवं तर, पण डॉक्टरांपासून ही गोळी लपवू नका. यावर सोपा उपाय आहे. श्रीखंडाचा अख्खा डबाच पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचा. डॉक्टर तो उघडतील, थोडा वेळ गप्प बसतील, आणि मग बरोबर औषध देतील.

आता पॅरासिटामॉल आजोबांकडे येऊ. मी म्हटलं तसे ते सगळ्या घराण्यांत असतात, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या नावाच्या पाटीमागे. धडधाकट मोठ्या माणसाने चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल घेऊ नये, ही वरची हद्द. रोज दारू घेणाऱ्याची, यकृताचं दुखणं असलेल्याची किंवा फार हडकुळ्या माणसाची हद्द त्याहून अलीकडे. आता नानांचा एक दिवस बघा, आणि नाना हिशेबाचे पक्के आहेत हे लक्षात ठेवा. सर्दीची गोळी तीनदा, प्रत्येकीत ५००: झाले १५००. कणकण होती म्हणून तापाची ६५०ची गोळी तीनदा: १९५०. गुडघ्यासाठी नेहमीची दुखण्याची गोळी दोनदा. तिच्यात ३२५ पॅरासिटामॉल आहे हे नानांच्या गावीही नाही: ६५०. बेरीज ४१००. नाना सांगतात, "मी सर्दीची एक, तापाची एक आणि गुडघ्याची एक, अशा तीनच प्रकारच्या गोळ्या घेतल्या." आयुष्यभर खातेवह्या तपासलेल्या माणसाला एकच खातेदार तीन नावांनी पैसे काढून नेतो आणि पत्ता लागत नाही.

आणि पॅरासिटामॉल जास्त झालं तर लगेच काही होत नाही, हीच त्यातली वाईट गोष्ट. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, किंवा तीही नाही. यकृताचं नुकसान दिसू लागतं ते नंतर. म्हणून हिशेब चुकलाय असं लक्षात आलं, तर "मला तर काही होत नाहीये" म्हणून घरी बसायचं नाही. पट्ट्या घेऊन थेट रुग्णालय गाठायचं. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, आणि तो पहिल्या आठ तासांत मिळाला तर सगळ्यात चांगला लागू पडतो. दोन पट्ट्यांच्या मागे बारीक अक्षरांत एकच नाव छापलेलं दिसलं, तर दोन्ही एकाच दिवशी आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. सगळ्या शहाणपणातलं एवढं एक जरी पाळलं, तरी पुष्कळ झालं. अक्षर फार बारीक असतं, हे कबूल. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचता येतो. नातवंडांचे फोटो मोठे करून नाक कुणावर गेलंय ते आपण बघतोच.

बाटलीची स्वतंत्र अडचण म्हणजे चमचा. "दोन चमचे दिवसातून तीनदा," असं सांगितलं की प्रश्न सुटला असं डॉक्टरांना वाटतं आणि स्वयंपाकघरात तो सुरू होतो. चहाचा चमचा की पोह्याचा? पोह्याचे असतील तर रुखवतातले जुने खोल की हल्लीचे चपटे? औषधाचा चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, आणि ते मोजायला बाटलीच्या डोक्यावर खुणा केलेलं छोटं प्लॅस्टिकचं टोपण दिलेलं असतं. ते पहिल्या दिवशी धुवायला म्हणून निघतं आणि भातुकलीत सापडतं. त्यानंतर मंडळी बाटलीच तोंडाला लावतात. "एक घोट घेतला," म्हणतात. घोटाचं माप अजून कुठल्या औषधकोशात आलेलं नाही. बाटली हलवून घ्यावी, टोपण सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या रेषेत बघून भरावं. हात उंच करून दिव्याकडे धरून भरू नये. ती पद्धत दुसऱ्या बाटलीची.

दुसऱ्या बाटलीचा विषय निघालाच आहे तर तोही संपवू. सर्दीला गरम पाण्यातून दोन चमचे ब्रँडी, ही अनेक सोवळ्या घरांतलीही मान्यताप्राप्त पळवाट आहे. गोव्यात ते काम फेणी करते. एरवी शिवत नाहीत असे काका पडसं झालं की "औषध म्हणून" शिवतात, आणि त्यांचं पडसं मग लवकर बरं होत नाही. पण मावशींची गोळी आणि ब्रँडी एका रात्री एकत्र आली, तर झोपेवर झोप चढते. दम्याचा किंवा घोरणारा म्हातारा माणूस असेल तर श्वासाचंही काम मंदावतं. आजोबा आणि दारू यांचं यकृतात पटत नाही ते वेगळंच. गोळी घेतली असेल त्या दिवशी गाडीही दुसऱ्याच्या हाती द्यावी. एक्स्प्रेसवेवर सरळ रस्त्याला पेंग यायला गोळी लागतच नाही. गोळी असली तर बोरघाट लागायच्या आधीच माणूस स्वप्नात लोणावळ्याला चिक्की घेत असतो.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी चेष्टा थांबवतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याचं औषध घेऊन मूत्रपिंडं निकामी होऊन दगावली. वीसहून अधिक. त्यांतली काही उपचारांसाठी नागपूरला आणली होती. तमिळनाडूत तयार झालेल्या त्या औषधात डायइथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघालं, ते ०.१ टक्क्याच्या वर असता कामा नये. हेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून १४ रुग्णांच्या पोटात गेलं होतं आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता. असा भेसळीचा दोष बाटली कितीही नीट मोजून दिली तरी आईबापांना दिसत नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट असते: गरज नसताना बाटली आणायची नाही. केंद्राच्या आरोग्य खात्याची सूचना स्पष्ट आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्या-सर्दीची औषधं द्यायची नाहीत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच बजावलं आहे. मोठ्या भावाचं औषध अर्धं करून धाकट्याला देणं, किंवा रात्रीच्या प्रवासात पोर शांत झोपावं म्हणून चमचाभर पाजणं, हे कुणीही कितीही मायेने सांगितलं तरी करायचं नाही. वर्षाच्या वरच्या मुलाला रात्री चमचाभर मध चालतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नाही.

मोठ्यांची सर्दी बहुतेक वेळा सात ते दहा दिवसांत आपली आपण जाते. औषध तिला घालवत नाही; ती असेपर्यंतचे दिवस जरा सुसह्य करतं. पण दम लागतोय, छातीत दुखतंय, कफात रक्त दिसतंय, तीन दिवसांनंतरही ताप उतरत नाही, असं असेल तर डब्याकडे न जाता दवाखान्यात जावं. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. बाटली बदलत बसलं की खोकला दबतो, आणि त्याच्यामागे कोण उभं आहे ते महिनाभर कळत नाही.

हे सगळं ऐकून कंपन्यांवर, डॉक्टरांवर, केमिस्टवर रागवायला सोपं जाईल, आणि थोडं रागवावंही. पण चार घटकांच्या गोळ्या खपतात त्या आपल्याला एक घटक पुरत नाही म्हणून. नानाच परवा नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. बाईंनी घसा पाहिला, छाती तपासली, चालू गोळ्यांची यादी मागितली, गुडघ्याची बंद करायला लावली आणि लिहून दिलं: तापाची साधी गोळी, ताप असेल तरच; वाफ; मिठाच्या पाण्याच्या गुळण्या; आराम. चौथ्या दिवशी नाना ठणठणीत होऊन कट्ट्यावर आले.

"कशी आहे बाई?" आम्ही विचारलं.

"हातगुण आहे," नाना म्हणाले, "पण पुन्हा जाणार नाही."

"का हो?"

"अहो, तीनशे रुपये घेतले आणि एकच गोळी लिहिली. तीसुद्धा ताप आला तर! माझा ताप आलाच नाही, आता ते पैसे कुणाकडून वसूल करू?"